इनचिनकोतो : लेकीच्या कासाइ ऑपरेशननंतरचं कडू औषध

आम्ही तोक्योत निशी-कासाइला राहतो. लेक सव्वा महिन्याची असताना तिची शी पांढुरकी व्हायला लागली. इथे गरोदरपणी जी माता-बाल पुस्तिका मिळते, तिच्यात २०१२ पासून शीच्या रंगांचं कार्ड असतं, १ ते ७; आकडा जितका लहान तितकी शी फिकट. डायपर खिडकीच्या उजेडात नेऊन कार्डाशेजारी धरला. रंग २ नंबरशी जुळला. डोळ्यांतला पिवळेपणा आम्ही तोवर साधी कावीळ समजत होतो. पित्तनलिका बंद असल्याचं निदान झालं आणि ५२व्या दिवशी ऑपरेशन. आतड्याचा भाग थेट यकृताला जोडतात, म्हणजे पित्ताला वाट मिळते. आमच्या स्टेशनच्या नावातलं आणि या ऑपरेशनच्या नावातलं ‘कासाइ’ एकाच अक्षरांनी लिहितात, पण ऑपरेशनला नाव आहे ते सेंदाइच्या तोहोकु विद्यापीठातल्या डॉ. मोरिओ कासाइ यांचं. त्यांनी १९५०च्या दशकात ही वाट काढली नसती तर माझ्या लेकीचं काय झालं असतं, हा विचार मी पुढे नेत नाही.

इनचिनकोतो हे वनस्पतींचं जपानी औषध सुरू झालं ते ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी. ऑपरेशन केलेल्या सर्जननीच ते लिहून दिलं, पित्त पातळ करणारं औषध आणि अ, ड, ई, के जीवनसत्त्वं असलेल्याच चिठ्ठीवर. इथे काम्पो, म्हणजे जपानची पारंपरिक औषधं, आरोग्य विम्यात बसतात, आणि मुलांच्या औषधोपचाराच्या खर्चाचं आमच्या भागाच्या पालिकेचं कार्ड असल्यामुळे काउंटरवर काही भरावं लागत नाही.

इनचिनकोतोत तीनच वनस्पती आहेत. इनचिन म्हणजे आपल्या दवण्याच्या कुळातलं झुडूप. दुसरं अनंताचं फळ. हो, आपल्या अंगणातला सुवासिक अनंत, त्याच्या एकेरी पाकळ्यांच्या जातीला केशरी फळ धरतं. तिसरी रेवंदचिनी. अनंताच्या फळातलं द्रव्य आतड्यातल्या जिवाणूंमुळे बदलतं आणि मग यकृतातून पित्त बाहेर पडायला मदत करतं, असं डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. पुढचं वाक्यही त्यांचंच: याच्यामुळे यकृत बदलायची वेळ टळेलच असं सिद्ध झालेलं नाही, अभ्यास लहान आहेत, ऑपरेशनने उघडलेल्या वाटेला हे हातभार लावतं, इतकंच. इतकं सरळ सांगितलं म्हणून माझा विश्वास बसला.

आता रोजचा अनुभव. पिवळसर तपकिरी बारीक दाणे, वास काढ्यासारखा, चव कडू आणि ती जिभेवर रेंगाळते. फार्मसीत वजनाप्रमाणे मोजून छोट्या पुड्यांची पट्टी करून देतात. पहिले चार दिवस बाटलीतल्या दुधात घातलं आणि लेकीने बाटलीच सोडली, ही माझी चूक. मग नर्सने हात धरून शिकवलं: बशीत पुडी ओतायची, कोमट पाण्याचे तीन-चार थेंब, करंगळीने मळून मऊ लगदा करायचा आणि गालाच्या आत चोपडायचा. जिभेवर नाही. लगेच दूध. तोंड वाकडं करायची, पण गिळायची. वर्षाच्या आत मध देत नाहीत, त्यामुळे आपली मधात चाटवण्याची पद्धत बाद. आता दोन वर्षांची आहे, चॉकलेटच्या चवीच्या औषध-जेलीत घेते.

त्रासही झाला. रेवंदचिनीमुळे दिवसाला सात-आठ वेळा पातळ शी, कुल्ले सोलवटून निघाले. डॉक्टरांनी मात्रा कमी केली, आठवड्यात थांबलं. जूनच्या पावसाळी हवेत दाणे दमट होऊन गोळा झाले, तेव्हापासून पुड्या घट्ट झाकणाच्या डब्यात असतात. अनंताचं फळ असलेलं औषध वर्षानुवर्षं घेतलं तर मोठ्या आतड्याच्या शिरा कडक होण्याचा धोका असतो, म्हणून किती काळ द्यायचं हे दर तपासणीत मी स्वतः विचारते.

आई सांगलीहून फोनवर म्हणायची, “अगं, भुईआवळा उगाळून दे की, तुम्हा सगळ्यांना दिलाय.” तिच्या जिवाची घालमेल मला कळत होती. तरी मी नाही दिला. साध्या काविळीत माणूस बहुतेकदा आपसूक बरा होतो, इथे नळीच बंद होती. पांढऱ्या शीच्या बाळाला कुठलाही पाला देत दिवस घालवू नका, तो भुईआवळा असो नाहीतर इनचिनकोतो. ऑपरेशन साधारण ६० दिवसांच्या आत झालेलं बरं असतं. आणि ऑपरेशन झालेल्या मुलाला ताप आला तर पुडी नाही, थेट हॉस्पिटल. आम्ही दोनदा रात्री टॅक्सीने गेलोय, दोन्ही वेळा पित्तमार्गाचा संसर्ग होता.

लेकीचं बिलिरुबिन, म्हणजे रक्तातलं काविळीचं पिवळं द्रव्य, पाचव्या महिन्यात १च्या खाली आलं. श्रेय किती या पुड्यांचं, किती ऑपरेशनचं, मला वेगळं काढता येत नाही, पण डॉक्टर देत आहेत तोवर मी देणार. कार्ड अजून बाथरूमच्या दाराला चिकटवलेलं आहे. आज सकाळी ६ नंबर होता.