जुना झोपाळा: दुरुस्त करावा, त्याचे दुसरे काही करावे, की संखेड्याचा नवा घ्यावा?

बडोद्यात दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातील वाडा सोडून फ्लॅटमध्ये राहायला जाणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे सागवानी झोपाळ्याचा प्रश्न हमखास उभा राहतो. आमच्याकडे तो गेल्या वर्षी आला. त्या वेळी केलेली चौकशी येथे मांडत आहे.

कोणताही पर्याय निवडण्याआधी लाकूड तपासावे. फळीच्या खालच्या बाजूला, कड्यांच्या भोकांजवळ आणि सांध्यांत पटाशीचे टोक दाबून पाहावे. ते सहज रुतले, तर आत वाळवी किंवा कूज आहे असे समजावे. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असल्याने वाळवी तिथे सहसा शिरत नाही. कडेच्या फिकट लाकडाला मात्र ते संरक्षण नसते. गाभा शाबूत असेल, तर दुरुस्तीइतका पर्यावरणाला सोयीचा मार्ग दुसरा नाही. कोरड्या लाकडाचे जवळपास निम्मे वजन कार्बनचे असते, म्हणजे तीस किलोची फळी जाळली तर सुमारे ५५ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. शिवाय नव्या फळीसाठी दुसरे झाड तोडावे लागते, ते वेगळेच.

दुरुस्तीतली खरी अडचण छताची आहे. वाड्यात तुळया होत्या, फ्लॅटमध्ये काँक्रीटचा स्लॅब असतो, आणि हलत्या झोपाळ्याचा ताण नुसत्या वजनापेक्षा जास्त असल्यामुळे स्लॅबला भोक पाडून बसवलेल्या हुकावर विसंबू नये. इमारतीच्या बीममध्ये हुक बसवता येईल का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावे. स्वतंत्र स्टँडवर झोपाळा टांगता येतो, पण तो दिवाणखान्याची बरीच जागा खातो.

दुसरा मार्ग म्हणजे त्याच लाकडाची बैठक किंवा पुस्तकांचे कपाट करणे. आम्ही हाच निवडला, आणि त्यात जे गमावले ते सांगायलाच हवे. फळीच्या उजव्या कोपऱ्यात आजीच्या चुन्याच्या डबीचा गोल उमटला होता, रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा, एका बाजूने पुसट. तो राखावा असे आम्ही कारखान्यात तोंडी सांगितले होते. तिथे अख्खी फळी यंत्राच्या रंध्याखालून काढली गेली. बैठक भक्कम झाली आहे, गोल मात्र गेला. म्हणून राखायची खूण खडूने आखावी, तिचा फोटो काढावा, कामाच्या कागदावर लिहून घ्यावे आणि तेवढा भाग हाताने घासायला सांगावा. खूण राखायची नसेल, तर नुसत्या जुन्या घडणीची नक्कल करण्यात मला अर्थ दिसत नाही. फळीवर जुना ऑइल पेंट असेल, तर तो कोरडा घासू नये, कारण त्यात शिसे असू शकते. घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) ही मर्यादा आपल्याकडे २०१७ मध्ये लागू झाली.

तिसरा पर्याय संखेड्याचा. पूर्वी बडोदे जिल्ह्यात असलेले आणि २०१३ पासून छोटा उदेपूर जिल्ह्यात मोडणारे हे गाव लाखकामाच्या सागवानी फर्निचरसाठी ओळखले जाते, आणि त्या कामाला भौगोलिक मानांकन आहे. तिथले खरादी, म्हणजे लाकूड कातणारे कारागीर, लेथवर कातलेल्या लाकडावर कथलाच्या रंगाने नक्षी काढून लाखेचा थर चढवतात, आणि तीच नक्षी सोनेरी झळकते. लाकूड नवे लागते हे खरे, पण जुना झोपाळा पूर्ण पोखरलेला असेल, तर पैसा जवळच्या कारागिराच्या हाती जावा असे मला मनापासून वाटते. मात्र थर लाखेचा आहे की रासायनिक पॉलिशचा, हे आधी विचारून घ्यावे.

पार्टिकल बोर्डाचा, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचा, तयार झोपाळा स्वस्त पडतो, पण ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्यात विश्वामित्री नदीचे पाणी घरांत शिरले, तेव्हा असा बोर्ड फुगून कसा सुटतो हे अनेकांनी पाहिले. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी तो घेऊच नये.

पितळी कड्या मात्र कोणत्याही पर्यायात मोडीत देऊ नयेत; चिंच आणि मीठ लावून घासल्या की त्या पुन्हा लख्ख होतात, आणि लांबी जुळली तर नव्या झोपाळ्यालाही लागतात. आमच्या कड्या जुन्या धोतरात गुंडाळून कपाटात ठेवल्या आहेत. धाकट्या भावाच्या घराच्या बीममध्ये हुक बसले की त्या तिकडे जातील.