स्पॉटिंगचे द्रवरंग आणि तीन शून्यांचा ब्रश: आठ महिन्यांच्या वापरानंतर

डार्करूममध्ये छापलेल्या कृष्णधवल प्रिंटवर निगेटिव्हवरच्या धुळीमुळे पांढरे ठिपके राहतात. ते बारीक ब्रशने रंग भरून झाकणं म्हणजे स्पॉटिंग. त्यासाठीचा हा संच साधाच आहे: न्यूट्रल काळा, उबदार तपकिरी आणि निळसर काळा अशा रंगांच्या तीन छोट्या बाटल्या, 000 नंबरचा सेबल (प्राण्याच्या मऊ केसांचा) ब्रश, पांढरी चिनी मातीची बशी, टिपकागद आणि भिंग. स्पॉटोन हे या कामाचे जुने प्रचलित रंग बाजारातून गेल्यावर अशा रंगांवरच काम चालतं. कागद दोन्ही वापरले, फायबर (साध्या कागदी पायाचा) आणि आरसी (प्लास्टिकचा लेप असलेला).

हे रंग डाय (पाण्यात विरघळणारे) आहेत, पिगमेंट (न विरघळणारे कण) नाहीत, आणि घेण्यासारखं कारण तेच आहे. डाय कागदावरच्या जिलेटिनच्या थरात मुरतो, म्हणून प्रिंट तिरपा धरला तरी पृष्ठभागावर थर दिसत नाही. जलरंगाचा थर मात्र चमकदार कागदावर लगेच उठून दिसतो. याची दुसरी बाजूही आहे. मुरलेला डाय पुसून निघत नाही. जास्त पडला तर प्रिंट पुन्हा धुवावा लागतो, पाण्यात थोडा अमोनिया घातला तर लवकर निघतो. पण मग शेजारचं नीट जमलेलं कामही त्यासोबत जातं.

त्यामुळे कोरडा हात हीच खरी पद्धत. बशीत रंगाचे थेंब टाकून पूर्ण वाळू द्यायचे. ब्रश पाण्यात बुडवून टिपकागदावर इतका टिपायचा की कागदावर जेमतेम ओल उमटेल, मग त्या वाळलेल्या रंगावरून टोक हलकेच फिरवायचं. पाण्यात फोटो-फ्लोचा (पाणी सारखं पसरवणाऱ्या द्रवाचा) एक थेंब असला तर रंग जिलेटिनवर गोळा होत नाही. त्याच कागदाच्या कापलेल्या पट्टीवर छटा पाहायची. छटा आजूबाजूच्या टोनपेक्षा दोन पायऱ्या फिकी हवी. ब्रश उभा धरून ठिपक्याच्या आत बारीक टिंबं द्यायची, रेघ ओढायची नाही. तीन-चार फेऱ्यांत टोन चढतो. ठिपक्याच्या काठावर रंग गेला की पांढऱ्या ठिपक्याभोवती काळं कडं तयार होतं, आणि ते मूळ ठिपक्याहून जास्त नजरेत भरतं. हे रंग वाळताना किंचित गडद होतात. म्हणून शेवटची फेरी दहा मिनिटं थांबून द्यावी.

छटा जुळवणं सगळ्यांत वेळखाऊ. न्यूट्रल काळा सगळीकडे चालेल हा समज चुकीचा. सेलेनियम टोन केलेल्या (रसायनाने छटा बदललेल्या) प्रिंटवर तो हिरवट दिसतो, तिथे तपकिरीचा अंश लागतो. टोनिंग आधी, स्पॉटिंग नंतर, हा क्रम मोडू नये. पिवळ्या बल्बखाली जुळलेली छटा दिवसाच्या उजेडात वेगळी पडू शकते. काम खिडकीपाशीच केलेलं बरं.

आरसीवर रंग सावकाश मुरतो, फायबरवर पटकन. फिक्सरमध्ये (प्रतिमा पक्की करणाऱ्या द्रावणात) हार्डनर, म्हणजे जिलेटिन कडक करणारा पदार्थ, घातलेला असेल तर फायबरही हट्टी होतो, तेव्हा स्पॉटिंग करायचं असल्यास हार्डनर टाळावा. पावसाळ्यातल्या कोकणासारख्या दमट हवेत जिलेटिन आधीच ओलसर असतं, तिथे पाणी आणखी कमी करावं लागतं.

काळ्या ठिपक्यांना हा संच उपयोगी नाही. कॅमेऱ्यात एक्सपोजरच्या वेळी फिल्मवर धूळ बसली की निगेटिव्हवर पारदर्शक ठिपका राहतो आणि प्रिंटवर काळा येतो. त्यावर पोटॅशियम फेरिसायनाइड या ब्लीचचं लिंबासारखं फिकट पिवळं द्रावण ब्रशच्या टोकाने लावायचं, मग फिक्सर, मग पूर्ण धुणं. डाग पूर्ण पांढरा करून तो पुन्हा रंगाने भरता येतो. तीव्र आम्लाशी फेरिसायनाइडची गाठ पडू देऊ नये, विषारी वायू निघतो. स्काल्पेलने खरवडणं मॅट फायबरवर जमतं, चमकदार कागदावर खरवडलेली जागा कायम मंद दिसते.

ओरखड्यांचंही तसंच. फिल्मच्या चकचकीत बाजूचा ओरखडा प्रकाश विखुरतो, प्रिंटवर पांढरी रेघ येते. नाकाच्या बाजूचं तेल बोटाने अगदी पातळ फिरवलं की खाच भरते आणि रेघ बहुधा नाहीशी होते. काम झाल्यावर फिल्म क्लिनरने ते पुसायलाच हवं. इमल्शनच्या (प्रतिमेचा थर असलेल्या) बाजूचा ओरखडा काळी रेघ देतो, तिथे तेल व्यर्थ. निगेटिव्ह मोठं करून छापणाऱ्या यंत्राला एन्लार्जर म्हणतात; भिंगांनी प्रकाश एकवटणाऱ्या कंडेन्सर एन्लार्जरमध्ये हे दोष जास्त ठळक येतात, प्रकाश पसरवणाऱ्या डिफ्यूजन हेडमध्ये कमी.

खरी बचत मात्र एन्लार्जरपाशीच होते. निगेटिव्ह धरून ठेवणाऱ्या काचेच्या कॅरिअरमध्ये धूळ बसायला चार जादा पृष्ठभाग मिळतात. सपाट राहणारी 35 मिमी फिल्म असेल तर बिनकाचेचा कॅरिअर घ्यावा. हवेच्या फुग्याने, निगेटिव्ह दिव्यासमोर तिरपं धरून, दोन्ही बाजू साफ केल्या की अर्ध्याहून अधिक ठिपके उगवतच नाहीत.

रंगांच्या बाटल्या आठ महिन्यांत जेमतेम उतरल्या. ब्रशबद्दल समाधान कमी: केसांचं टोक पाचव्या महिन्यापासून फाकू लागलं, कारण तोच ब्रश फेरिसायनाइडसाठीही वापरला गेला. ब्लीचसाठी सिंथेटिक केसांचा स्वस्त ब्रश वेगळा ठेवावा, आणि सेबल रोज साध्या पाण्यात धुऊन, टोक ओठांऐवजी बोटांनी जुळवून, आडवा वाळवावा.