बालेवाडीजवळची एक फुटबॉल अकादमी: प्रशिक्षण उत्तम, डोक्याच्या दुखापतीची जबाबदारी मात्र पालकांवर

पुण्यात मुलांच्या फुटबॉल प्रशिक्षणाचे वर्ग आता सोसायटीमागच्या टर्फपासून बालेवाडीच्या क्रीडासंकुलाच्या परिसरापर्यंत सर्वत्र निघाले आहेत आणि त्यांच्याविषयी जे लिहिले जाते ते बहुधा शुल्क, टर्फची प्रत आणि प्रशिक्षकांचा स्वभाव यांपुरतेच असते. बाणेर-बालेवाडी भागातील ज्या अकादमीत माझी नऊ वर्षांची मुलगी जाते, तिच्याविषयी लिहिताना या तीन गोष्टी मी लवकर उरकणार आहे, कारण मला जे सांगायचे आहे ते प्रवेश अर्जाच्या मागच्या पानावर, बारीक अक्षरांत छापलेले आहे. अकादमीचे नाव देत नाही. परिचितांच्या मुलांचे इतर वर्गांतले अर्ज मागवून पाहिले, तेव्हा त्यांतही जवळपास तोच मजकूर आढळला, त्यामुळे एकीलाच उभे करणे न्याय्य होणार नाही.

प्रशिक्षण चांगले आहे, हे आधीच आणि निःसंकोचपणे सांगतो. दोन्ही पायांनी चेंडू खेळवण्यावर भर आहे, लहान मैदानावर चार-चार किंवा पाच-पाच जणांचे सामने होतात, त्यामुळे प्रत्येक मुलाच्या पायाला चेंडू लागतो आणि मुलींना कोपऱ्यात उभे करून ठेवण्याची पद्धत येथे नाही. मुख्य प्रशिक्षकांकडे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा परवाना आहे. सर ओरडत नाहीत. ओरडणारे बहुतेक वेळा कुंपणाबाहेरचे पालकच असतात. शुल्क या भागातील दरांप्रमाणे आहे, पार्किंग नाही असेच समजावे. बालेवाडीला २०१४ ते २०१९ या काळात एफसी पुणे सिटीचे सामने होत असत. तो संघ गेला, पण त्या काळात सामन्यांना आलेल्या मुलांपैकी काही जण आज येथे सहायक प्रशिक्षक आहेत आणि त्यांचा खेळावरचा जीव दिसतो.

आता अर्ज. प्रशिक्षण किंवा सामन्यादरम्यान झालेल्या कोणत्याही दुखापतीस, अपंगत्वास वा मृत्यूस अकादमी, तिचे प्रशिक्षक व मैदानमालक जबाबदार राहणार नाहीत आणि पालक कोणताही दावा करणार नाहीत, अशा आशयाचे कलम त्यात आहे. वकिली व्यवसायामुळे असली कलमे वाचण्याची खोड आहे, तरी केवळ कलमावरून मी हा मजकूर लिहिला नसता. दिवाळीनंतरच्या एका सरावसामन्यात कॉर्नर किकवर उडी घेताना दोन मुलांची डोकी एकमेकांवर आपटली. त्यांतला एक मुलगा खाली बसला. सहायक प्रशिक्षकांनी त्याच्या डोक्यावर पाणी ओतले, कपाळावर घोट्याच्या मुरगळीसाठी असतो तो गार स्प्रे मारला (डोळ्यांच्या इतक्या जवळ तो मारूच नये), “ठीक आहेस ना?” असे विचारले आणि त्याने मान हलवल्यावर पाच-सात मिनिटांत त्याला पुन्हा खेळायला सोडले. मैदानात परतल्यावर त्या मुलाने आपण कोणत्या बाजूला गोल करायचा आहे हे दोनदा विचारले. त्याच्या पालकांना फोन गेला नाही. ते घ्यायला आले तेव्हा कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या आम्हीच त्यांना सांगितले. मुलगा सुदैवाने आठवड्याभरात पूर्ववत झाला.

त्या तरुण प्रशिक्षकाच्या मनात काही वाईट हेतू नव्हता, आणि असाच प्रसंग जगातल्या सर्वांत मोठ्या सामन्यातही घडलेला आहे. २०१४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीच्या क्रिस्टोफ क्रामरच्या डोक्याला जबर धक्का बसला. तो सुमारे १४ मिनिटे खेळत राहिला आणि त्या अवधीत त्याने पंच निकोला रिझोली यांना, हा अंतिम सामनाच आहे ना, असे विचारले. पंचांनी ते त्याच्या सहकाऱ्याच्या कानावर घातले, तेव्हा कुठे त्याला बाहेर काढण्यात आले. कन्कशन म्हणजे मेंदूला बसलेला हादरा, आणि त्यातला फसवा भाग हाच आहे की बहुतेकांची शुद्ध हरपत नाही, रक्त येत नाही, सीटी स्कॅनही सहसा स्वच्छ येतो. गोंधळ, तोच प्रश्न पुन्हा विचारणे, डोके दुखणे, मळमळ, उजेड सहन न होणे, चालताना तोल जाणे यांवरूनच ते ओळखावे लागते आणि काही लक्षणे तर तासाभराने किंवा दुसऱ्या दिवशी उमटतात. म्हणून नियम साधा आहे: शंका आली तरी खेळाडूला बाहेर काढायचे आणि त्या दिवशी परत मैदानात उतरवायचे नाही. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, आकडी (फिट) किंवा मानेत तीव्र वेदना असेल तर थेट १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवायची. पुढचे एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती, म्हणजे रोजचे हलके व्यवहार तेवढे, मग पायरीपायरीने सराव आणि डॉक्टरांच्या संमतीनंतरच धडकाधडकीचा खेळ. ब्रिटनमध्ये हौशी खेळांसाठी २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार तर २१ दिवसांच्या आत स्पर्धेत उतरता येत नाही. पुणेकरांना हा शब्द आता नवा नाही. ३१ जानेवारी २०२५ रोजी गहुंजेच्या मैदानावर शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू आदळल्यावर हर्षित राणा कन्कशनचा बदली खेळाडू म्हणून आला, तेव्हा बदली ‘तसाच’ खेळाडू होता की नाही यावर आपण सर्वांनी हिरिरीने वाद घातला. दुबेला बाहेर बसवणे योग्य होते का, हा प्रश्न मात्र त्या मानाने मागेच राहिला, आणि ते बरेच झाले.

अकादमीच्या कार्यालयात मी हा विषय काढला तेव्हा मिळालेले उत्तर असे होते की व्यावसायिक फुटबॉलमध्येही डोकी आपटतातच आणि तेथे कोणी क्लबला कोर्टात खेचत नाही. उत्तर सौजन्याने दिले होते. ते चुकीचे आहे, आणि जबाबदारी नेमकी कशाची असते हे समजून घ्यायचे तर ते का चुकीचे आहे हे पाहावे लागते.

अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल लीग, म्हणजे एनएफएल, हिच्यावर २०११ पासून हजारो माजी खेळाडूंनी दावे केले. तेथील फुटबॉल हेल्मेट घालून, अंगावर धावून जाऊन खेळायचा वेगळा खेळ आहे, परंतु दाव्याचा गाभा आपल्याला लागू पडतो. खेळात मार लागतो हे ठाऊक नव्हते, असे त्या खेळाडूंचे म्हणणे नव्हते. त्यांचे म्हणणे असे होते की वारंवार बसणाऱ्या हादऱ्यांचे दूरगामी परिणाम लीगला माहीत होते किंवा माहीत असायला हवे होते आणि तिने ते आमच्यापासून दडवले. लीगने १९९४ मध्ये मेंदूच्या दुखापतींसाठी समिती नेमली, तिचे प्रमुख संधिवाताचे डॉक्टर होते आणि त्या समितीच्या शोधनिबंधांनी अनेक वर्षे धोका किरकोळ ठरवला. पिट्सबर्ग स्टीलर्स संघाचा माजी खेळाडू माइक वेबस्टर २००२ मध्ये वारल्यावर त्याच्या मेंदूची तपासणी करून डॉ. बेनेट ओमालू यांनी २००५ मध्ये निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा समितीच्या सदस्यांनी तो मागे घेण्याचीच मागणी केली. पुढे २०१३ मध्ये ७६ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड जाहीर झाली. न्यायाधीश अनिता ब्रॉडी यांना ती रक्कम पुरेल असे वाटेना, म्हणून वरची मर्यादा काढण्यात आली आणि एप्रिल २०१५ मध्ये अंतिम मंजुरी मिळाली. लीगने दोष कबूल केला नाही, पण दिलेली रक्कम एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली आहे. त्यातही कृष्णवर्णीय खेळाडूंची मूळ बौद्धिक क्षमता कमी धरून त्यांचे दावे मोजले जात होते आणि ही पद्धत सोडायला २०२१ साल उजाडावे लागले, हे वाचून संताप येतो.

आपल्या ओळखीच्या फुटबॉलची कथाही याहून फार वेगळी नाही. वेस्ट ब्रॉमविच अल्बियनचा आघाडीपटू जेफ अ‍ॅसल २००२ मध्ये ५९ व्या वर्षी वारला आणि मृत्युचौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, चेंडूला वर्षानुवर्षे डोके मारल्यामुळे जडलेला हा व्यवसायजन्य आजार आहे, असा निष्कर्ष नोंदवला. ग्लासगो विद्यापीठाने २०१९ मध्ये स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी मृत्यू येण्याचे प्रमाण त्यांच्यात सर्वसामान्यांच्या सुमारे साडेतीन पट आढळले. इंग्लंडमध्ये माजी खेळाडू आणि त्यांचे कुटुंबीय फुटबॉल असोसिएशनसह इतर संघटनांविरुद्ध न्यायालयात गेले आहेत. मुलांपुरते बोलायचे तर अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने, त्याच्यावर झालेला दावा मिटवताना, २०१५ मध्ये १० वर्षे व त्याखालील मुलांचे हेडिंग (चेंडू डोक्याने मारणे) बंद केले आणि इंग्लंडने २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांच्या सरावातून ते काढून टाकले. आमच्या अकादमीत मात्र दहा वर्षांखालील गटाला पाच क्रमांकाचा, म्हणजे ४१० ते ४५० ग्रॅमचा मोठ्यांचा चेंडू देऊन हेडिंगचा सराव घेतला जात होता. त्या वयाला चार क्रमांकाचा चेंडू पुरतो, आणि हेडिंग तर शिकवण्याचीच घाई नाही.

आता आपल्याकडचा कायदा. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ११ प्रमाणे अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालील, व्यक्ती करार करण्यास सक्षम नसते, आणि तिचा करार मुळातूनच शून्य ठरतो हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने, १९०३ मध्ये मोहरीबीबीच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. म्हणजे मुलाने दिलेली सूट काहीच कामाची नाही, आणि वडिलांच्या किंवा आईच्या सहीने मुलाचा स्वतःचा हक्क संपतो असे गृहीत धरून अकादमीने निर्धास्त राहणे धाडसाचे आहे. मुदत कायद्याच्या कलम ६ मुळे तर त्या मुलाला सज्ञान झाल्यावरही दावा लावता येतो. खेळाचा धोका खेळाडू स्वेच्छेने पत्करतो, हा बचाव खराच आहे, परंतु तो टॅकल, घसरणे, मुरगळणे यांना लागू होतो. हादरा बसलेल्या मुलाला परत मैदानात सोडणे हा खेळाचा धोका नाही, तो प्रशिक्षकाचा निर्णय आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये सेवेतील उणिवेची जी व्याख्या आहे, तिच्यात निष्काळजीपणाबरोबरच संबंधित माहिती हेतुपुरस्सर रोखून ठेवण्याचाही समावेश आहे. अमेरिकेत ज्या मुद्द्यावर अब्जावधी मोजावे लागले, तोच मुद्दा येथे कायद्याच्या व्याख्येत बसवलेला आहे. शिक्षणसंस्थांना हा कायदा लागू होतो की नाही यावर वाद आहेत, मात्र शुल्क घेऊन चालणारे खासगी शिकवणीवर्ग राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० च्या निकालात कायद्याच्या कक्षेत धरले आहेत.

कार्यालयात डोक्याला बांधायची फोमची पट्टी विकायला ठेवली आहे, तिच्याविषयीही सांगायला हवे, कारण त्या प्रसंगानंतर तिची विक्री वाढली असे तिथल्या मॅडमनीच सांगितले. पट्टीचे शिवणकाम चांगले आहे, पुण्याच्या मार्चमधल्या उन्हात ती नकोशी होते, आणि कपाळ फुटण्यापासून ती थोडा बचाव करील. मेंदूच्या हादऱ्यापासून ती वाचवते असे मानायला मात्र आधार नाही: अमेरिकेतील शालेय खेळाडूंवर झालेल्या मोठ्या यादृच्छिक चाचणीत अशा पट्ट्या घालणाऱ्यांत आणि न घालणाऱ्यांत कन्कशनच्या प्रमाणात फरक आढळला नाही. कवटीच्या आत मेंदू हलतो तो कवटीबाहेरच्या फोमला कसा थांबवता येणार? गोलरक्षक पेतर चेक कारकीर्द संपेपर्यंत शिरस्त्राण घालून खेळला, पण ते २००६ मध्ये त्याची कवटीच फ्रॅक्चर झाल्यानंतर. त्याचे उदाहरण देऊन ही पट्टी विकणे दिशाभूल करणारे आहे. तो पैसा टर्फभोवतीच्या लोखंडी खांबांना जाड आवरण घालण्यावर आणि हलते गोलपोस्ट जमिनीला पक्के जखडण्यावर खर्च झाला, तर डोकी अधिक वाचतील.

या सर्व गोष्टी मी लेखी कळवल्या आणि अकादमीने त्या झटकून टाकल्या नाहीत, याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. दहा वर्षांखालील गटाचे हेडिंग बंद झाले, चेंडू बदलला, लक्षणांचा मराठी तक्ता मैदानाच्या दारावर लागला आणि डोक्याला मार लागल्यास पालकांना त्याच दिवशी फोन करण्याचे मुख्य प्रशिक्षकांनी मान्य केले. सहायकांना प्रथमोपचाराचे प्रशिक्षण अद्याप मिळालेले नाही. खांब उघडेच आहेत. अर्जातले कलम तर जसेच्या तसे आहे. विमा कंपनीने सुचवलेला मजकूर आहे, असे कारण मिळाले, पण विमापत्राची प्रत मागितल्यावर ती दाखवण्यात आली नाही.

माझ्या मुलीचे पुढच्या तिमाहीचे शुल्क मी भरले आहे. अर्जावर त्या कलमापुढे ‘अमान्य’ असे लिहून सही केली आणि कार्यालयाने तो अर्ज तसाच स्वीकारला. दहा वर्षांखालील मुलांसाठी ही अकादमी मी सुचवीन. बारा ते चौदा वयोगटात हेडिंगचा सराव अजून कोणत्याही मर्यादेविना चालतो, त्या गटात प्रवेश घेणाऱ्यांनी आठवड्याला किती हेडर मारून घेतात, मार लागल्यावर मैदानाबाहेर काढण्याचा अंतिम निर्णय कोणाचा आणि विमापत्रात मेंदूची दुखापत धरली आहे की वगळली आहे, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.