१४ महिने, २१ हजार किलोमीटर आणि माझा उजवा पाय

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पेशंटच्या घरी जाऊन उपचार करते, त्यामुळे दिवसाला पन्नास-साठ किलोमीटर ड्रायव्हिंग होतंच. २२ वर्षं पेट्रोलची, क्लच-गिअरवाली गाडी चालवली. १४ महिन्यांपूर्वी ४५ किलोवॉट-तास (म्हणजे ४५ युनिट) बॅटरीची, मध्यम आकाराची इलेक्ट्रिक गाडी घेतली. स्क्रीन केवढी, स्पीकर किती, हे सगळं इतरांनी लिहून झालंय. मला लिहायचंय ते या गाडीने माझी चालवायची पद्धत कशी बदलली त्याबद्दल. घेण्याआधी हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिला आठवडा डाव्या पायाचा होता. सिग्नल जवळ आला की तो आपोआप उचलला जायचा आणि रिकाम्या फूटमॅटवर दाबला जायचा. ते चार-पाच दिवसांत सुटलं. खरा बदल उजव्या पायात झाला आणि त्याला दोन महिने लागले.

ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की ही गाडी नुसती घरंगळत नाही, ती स्वतःहून वेग कमी करते. चाकं मोटारला फिरवतात, मोटार जनित्राचं काम करते आणि वीज परत बॅटरीत जाते. यालाच सगळे रिजेन म्हणतात. माझ्या गाडीत त्याच्या तीन लेव्हल आहेत. सर्वांत वरच्या लेव्हलला पाय पूर्ण सोडला तर गाडी जवळजवळ थांबते. म्हणजे पाय सोडायचा क्षण हाच ब्रेक लावायचा क्षण. आणि तो क्षण पूर्वीपेक्षा खूप आधी येतो.

पूर्वी मी पुढच्या गाडीचे लाल दिवे बघून ब्रेक लावायची. आता त्या गाडीच्याही पुढे तीन-चार गाड्यांपर्यंत नजर जाते. सिग्नल हिरवा दिसतोय, पण बराच वेळ हिरवाच आहे, म्हणजे मी पोचेपर्यंत लाल होणार, असा हिशेब मनात चालू असतो. पाय थोडा थोडा सैल होतो आणि गाडी हळूच येऊन थांबते. माझ्या तिसऱ्या आणि चौथ्या पेशंटच्या घरांदरम्यान ९ सिग्नल आहेत. एकदा मुद्दाम मोजलं, तर त्या अख्ख्या टप्प्यात ब्रेकच्या पेडलला पाय दोनदाच लागला होता. दिवसअखेर येणारा थकवा कमी झालाय, हे मी खात्रीने सांगते.

मागच्या गाडीला आपण वेग कमी करतोय हे कळतं का, ही काळजी मला होती. नवऱ्याला जुनी गाडी घेऊन मागून यायला सांगितलं. वरच्या लेव्हलला पाय सोडताच ब्रेकचे दिवे लागतात, सर्वांत खालच्या लेव्हलला लागत नाहीत, असं त्याने बघून सांगितलं. यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांत मर्यादा आखलेली आहे. वेग सेकंदाला साधारण ४.७ किलोमीटर प्रतितासपेक्षा जास्त घटत असेल तर दिवा लागलाच पाहिजे, अडीचपेक्षा कमी घटत असेल तर लागू नये, मधला निर्णय कंपनीचा. तुम्हीही कुणाला तरी मागून यायला सांगून एकदा तपासून घ्या.

आता या गाडीवरची माझी सर्वांत मोठी तक्रार. माझी बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची आहे. या प्रकारात व्होल्टेज बराच काळ जवळपास सपाट राहतो, त्यामुळे किती चार्ज उरलाय हे गाडीला नेमकं मोजता येत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा पूर्ण भरा, असं माहितीपुस्तिकेत लिहिलंय. मी रविवारी रात्री भरते. दुसऱ्याच सोमवारी सकाळी घराजवळच्या उतारावर नेहमीसारखा पाय सोडला आणि गाडी हळू झालीच नाही. बॅटरी शंभर टक्के भरलेली, परत येणारी वीज ठेवायला जागाच नाही, म्हणून रिजेन बंद. समोर शाळेची बस उभी होती. ब्रेक दाबला, गाडी वेळेवर थांबली, पण हात कापत होते. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक छोटंसं करड्या रंगाचं चिन्ह होतं, एवढीच सूचना. नव्या सवयीत मुरू लागलेल्या पायाला असं चिन्ह कसं दिसणार? काही गाड्या अशा वेळी खरे ब्रेक स्वतःहून लावून तोच अनुभव कायम ठेवतात. माझी ठेवत नाही. आता मी सोमवारी त्या उतारावर पाय आधीच ब्रेकवर नेऊन ठेवते.

याच सवयीची दुसरी बाजू जुन्या गाडीत बसल्यावर कळली. नवऱ्याची पेट्रोलची गाडी घेऊन एकदा औषधं आणायला गेले. गिरणीजवळच्या वळणावर पाय सोडला, गाडी पुढे जातच राहिली. घरात दोन्ही प्रकारच्या गाड्या असतील तर हे लक्षात ठेवा. मी आता जुन्या गाडीत बसले की पहिल्या रिकाम्या रस्त्यावर दोन-तीनदा ब्रेक लावून पायाला आठवण करून देते.

आणि आई. पहिल्यांदा तिला मागे बसवून नेलं तेव्हा दहाव्या मिनिटाला म्हणाली, “अगं, जरा बेताने चालव. पोटात सगळं हिंदकळतंय.” मी तर मजेत चालवत होते. चालवणाऱ्याला गाडी कधी ओढली जाणार हे आधी ठाऊक असतं, मागे बसलेल्याला नसतं, आणि पाय जरा कमी-जास्त झाला की तिची मान पुढेमागे होते. तिच्यासाठी मी रिजेन सर्वांत खालच्या लेव्हलला आणलं. घरी आल्यावर तिने विचारलं, “ही वेगळी गाडी होती का?” तेव्हापासून मी एकटी असताना वरची लेव्हल, आई असताना खालची.

माझ्या व्यवसायातली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. जुन्या गाडीत उजवा पाय दोन पेडलांमध्ये हलत राहायचा. या गाडीत तो एकाच पेडलवर अर्धवट दाबलेल्या स्थितीत तासन्‌तास धरलेला असतो. पहिल्या महिन्यात नडगीच्या पुढचा स्नायू संध्याकाळी आखडायचा. सीट एक खाच पुढे घेतली, टाच जमिनीला पक्की टेकवली आणि प्रत्येक पेशंटच्या दारात उतरल्यावर घोटा दहा वेळा वर-खाली करायला लागले. त्रास गेला. डाव्या गुडघ्याला मात्र क्लच सुटल्याचा सरळ फायदा झाला.

लांबच्या प्रवासात वेगाकडे बघायची नजर बदलते. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ किलोवॉट-तास ऊर्जा असते. म्हणजे माझी काठोकाठ भरलेली बॅटरी जेमतेम पाच लिटर पेट्रोलएवढी. पेट्रोलचं इंजिन त्यातला दोन तृतीयांशाहून जास्त भाग उष्णतेत घालवतं, म्हणून त्यात वेग वाढवल्याची किंमत चटकन जाणवत नाही. इथे लगेच जाणवते. ८० वरून १०० वर गेलं की वेग सव्वापट होतो, पण हवेचा विरोध दीडपटीहून जास्त. शहरात मला एका युनिटला सात किलोमीटर मिळतात, १०० च्या वेगाने साडेपाच. भावाचं घर २३० किलोमीटरवर आहे. १०० ने गेले तर वाटेत पंचवीस मिनिटं चार्जिंगला थांबावं लागतं. ८५ ते ९० च्या मध्ये राहिले तर न थांबता पोचते, वीस टक्के शिल्लक असतात, आणि एकूण वेळ जवळपास तेवढाच लागतो. हे दोन्ही प्रकारे करून पाहिलंय. घाट उतरताना तर टक्के वाढतात. माथ्यावर ३८ होते, पायथ्याशी ४१. पहिल्यांदा ते बघून इतका आनंद झाला की गाडी बाजूला घेऊन भावाला फोन केला.

चार्जिंगबद्दल थोडक्यात. घरी पार्किंगमध्ये पॉईंट असेल तर त्याचा विचारच करावा लागत नाही, फोनसारखी रात्री लावायची. घरी सोय नसेल तर माझ्यासारखा रोजचा वापर असणाऱ्याने ही गाडी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बाहेरच्या फास्ट चार्जरवर १० ते ८० टक्क्यांना पाऊण तास लागतो आणि शेवटच्या वीस टक्क्यांना जवळपास तेवढाच, कारण बॅटरी भरत आली की करंट कमी करावाच लागतो. मी ८० ला निघते. जिथे एकच चार्जर आहे तिथे भरवसा ठेवून जात नाही. एकदा तो बंद निघाला आणि पुढचे ३१ किलोमीटर मी एसी बंद करून, ५० च्या वेगाने गेले.

गल्लीबोळात आवाज नसल्याचा परिणाम होतो. २० च्या खाली गाडी बारीकसा कृत्रिम आवाज करते, पण म्हाताऱ्या माणसांना तो ऐकू जात नाही. ते मागे न बघता मध्येच वळतात. मी हॉर्न न देता थांबून राहायला शिकले.

सर्व्हिसिंगला ब्रेक पॅड जवळजवळ नव्यासारखे निघाले. डिस्कला मात्र गंज धरला होता, कारण त्या वापरल्याच जात नाहीत. आता आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर रिजेन कमी करून चार-सहा वेळा चांगला ब्रेक लावते. टायर पूर्वीच्या गाडीपेक्षा लवकर झिजताहेत. गाडी वजनदार आहे आणि सुटताना सगळा जोर एकदम चाकावर येतो.

टेस्ट ड्राइव्हला जाल तेव्हा बॅटरी शंभर टक्के असताना एकदा आणि साठ-सत्तर असताना एकदा चालवायला मागा. मग दहा मिनिटं मागच्या सीटवर बसा. घरात ज्याला गाडी लागते त्याला सोबत न्या आणि त्याच्या पोटाला विचारा.