24 एचपीचा छोटा ट्रॅक्टर आणि 600 लिटरचा ब्लोअर: एका हंगामानंतरचा अनुभव

तासगाव तालुक्यात सावळज भागात आमची द्राक्षबाग आहे, ओळींतलं अंतर नऊ फूट. खरड छाटणी (उन्हाळ्यातली) उरकल्यावर तीन सिलिंडरचा, 24 एचपीचा फोर व्हील ड्राइव्ह छोटा ट्रॅक्टर घेतला आणि त्याला 600 लिटर टाकीचा ब्लोअर, म्हणजे पंख्याच्या वाऱ्याने औषध फवारणारं यंत्र, जोडला. आता फळछाटणीनंतरचा (घड धरण्यासाठीच्या छाटणीनंतरचा) पूर्ण हंगाम त्याने काढलाय, म्हणून सविस्तर लिहितोय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे जो त्रास सांगणार आहे तो कुठल्याही कंपनीच्या नव्या ट्रॅक्टरला येऊ शकतो.

आधी चांगलं. ओळीच्या टोकाला एका दमात वळतो, तारेला किंवा खांबाला घासत नाही. बोदाला (वेलीच्या बुंध्याजवळच्या वरंब्याला) माती लावताना, छोटा रोटर (रोटाव्हेटर) मारताना ताकद कमी पडली नाही. हलक्या कामाला तासाला दोन लिटरच्या आसपास डिझेल, ब्लोअरला तीन ते साडेतीन. मुरमाड चढावर भरलेली टाकी घेऊन जाताना फोर व्हीलचा खरा उपयोग कळतो. सीट मात्र कडक आहे, सलग फवारणीनंतर कंबर बोलते.

त्रास सुरू झाला तो फळछाटणीनंतर. त्या दिवसांत डावणी (केवडा) रोगाच्या धास्तीने फवारणी एक दिवससुद्धा पुढे ढकलता येत नाही, आणि नेमका तेव्हाच ब्लोअरचा वारा कमी वाटायला लागला. पानाच्या मागच्या बाजूला औषध पोचत नव्हतं. शिवाय कधी कधी अर्ध्या तासाने इंजिन हळूहळू बसायचं, म्हणजे ताकद सोडायचं, थोडं थांबवलं की परत नीट. सर्व्हिस सेंटरवाल्यांचं पहिलं उत्तर, ‘इंजिन अजून खुललं नाही,’ म्हणजे नवं आहे, अजून सरावलं नाही. दुसरं उत्तर, ‘ब्लोअर जड आहे, 400 लिटरचा घ्या.’ ही दोन उत्तरं बऱ्याच शेतकऱ्यांना मिळतात. ब्लोअर खरंच जड असता तर पहिल्या मिनिटापासून इंजिन दबलं असतं आणि काळा धूर ओकलं असतं. अर्ध्या तासाने बसणारं आणि विश्रांतीने सुधारणारं इंजिन वेगळंच काहीतरी सांगत असतं.

गावातल्या एका जुन्या फिटर मामांना बोलावलं. त्यांनी पाना हातात घ्यायच्या आधी विचारलं, ‘धूर कसला हाय? काळा, पांढरा, का काहीच न्हाई?’ मी म्हटलं, काहीच नाही, इंजिन बसतं तेव्हा उलट सायलेन्सर स्वच्छ. ‘मग हवेचा इषय न्हाई. डिझेलच कमी जातंय. पण आधी आरपीएम बघू.’

हा क्रम मला फार पटला. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा लोड जास्त, तिथे आधी एअर फिल्टर बघायचा. गरम इंजिनचा पांढरा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही, इंजिनमध्ये डिझेल सोडणारं नोझल किंवा टायमिंग बघायचं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. आणि धूर नसताना ताकद गेली, तर इंजिनला डिझेलच पुरत नाही.

आरपीएम (मिनिटाला किती फेरे) मोजायला लेझरवाला टॅकोमीटर आणला. क्रँक पुलीवर एक चमकणारी पट्टी, पीटीओ शाफ्टवर (ट्रॅक्टरची ताकद ब्लोअरला देणाऱ्या फिरत्या दांड्यावर) एक, आणि लांबून मोजायचं. (गळ्यात टॉवेल ठेवून पीटीओजवळ कुणीही जाऊ नये, गार्ड असला तरी.) दोन्हीकडे मोजण्याचं कारण असं की इंजिनचे आरपीएम टिकले आणि पीटीओचे पडले तर क्लच घसरतोय हे तिथल्या तिथे कळतं. आमचा क्लच ठीक निघाला. पण हँड ॲक्सिलेटर पूर्ण ओढूनही बिनलोड इंजिन 2380 वरच थांबत होतं. मॅन्युअलप्रमाणे इंजिन 2500 ला पीटीओ 540 मिळतो, आणि लोड आल्यावर गव्हर्नर (इंजिनचा वेग सांभाळणारा भाग) थोडे आरपीएम सोडतोच, म्हणून बिनलोड 2700 च्या घरात यायला हवं. आमचं लोडला 2220 वर येत होतं, म्हणजे पीटीओ जेमतेम 480.

मामांनी बॉनेट उघडून डिझेल पंपाजवळची ॲक्सिलेटरची लिव्हर बोटाने पुढे ढकलली, तर ती आणखी अर्धा सेंटीमीटर सरकली आणि इंजिनचा आवाज बदलला. केबलचा नट शोरूममधून येतानाच ढिला सेट केलेला होता. पंपाच्या सीलला हात न लावता, फक्त केबल ताणून आरपीएम बरोबर आले. वारा लगेच वाढला, वरच्या काड्यांची पानं उलटी व्हायला लागली.

आणि इथेच खरी गंमत झाली. वारा सुधारला, पण इंजिन बसण्याचा त्रास आधीपेक्षा जास्त आणि लवकर यायला लागला. सर्व्हिसवाल्यांनी लगेच ‘बघा, आम्ही म्हटलंच होतं’ असा सूर लावला. पण यामागे साधं गणित आहे. पंख्याला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. पीटीओ 480 वरून 540 वर नेला की वेग साडेबारा टक्केच वाढतो, पण पंख्याला ताकद सुमारे 42 टक्के जास्त लागते. तेवढं डिझेलही जास्त लागतं. म्हणजे दोष दोन होते आणि पहिल्याने दुसरा झाकून ठेवला होता. कमी आरपीएमवर अपुरं डिझेल कसंबसं पुरत होतं, पूर्ण आरपीएमवर ते उघडं पडलं.

मग डिझेलची वाट तपासली. टाकीचं झाकण ढिलं करून चालवलं, कारण झाकणातलं हवेचं छिद्र बुजलं की टाकीत पोकळी होऊन डिझेल यायचं थांबतं. बोर्डो मिश्रणाचा (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाचा) निळसर थर झाकणावर बसलाच होता, तो धुतला, पण फरक नाही. डिझेल फिल्टर नवाच होता. वॉटर सेपरेटरमध्ये पाणी नव्हतं. शेवटी मामांनी पाच लिटरचं कॅन वर टांगलं आणि त्याची पाइप थेट फीड पंपाला (टाकीतलं डिझेल पुढे ढकलणाऱ्या पंपाला) जोडली, रिटर्न, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणारी पाइप, मात्र टाकीतच ठेवली. ब्लोअर पूर्ण लोडवर तासभर चालला, आरपीएमचा काटा हलला नाही. म्हणजे पंप, नोझल, इंजिन सगळं चांगलं, दोष टाकी ते फीड पंप एवढ्याच टप्प्यात.

टाकी पंपाच्या वर असल्यामुळे पाइप सोडली की आपोआप धार पडायला हवी. गार असताना बोटाएवढी धार पडली. गरम असताना तीच सुतळीएवढी झाली. पाइप बोटांनी चाचपत गेलो तर टूलबॉक्सच्या ब्रॅकेटखाली ती चॅसिसला दाबली गेली होती. तिथे रबर चपटं होऊन चकचकीत झालं होतं. उष्णतेने मऊ पडलं की आतली वाट जवळजवळ मिटायची. ब्रॅकेट वाकवलं, नवी पाइप वेगळ्या वाटेने नेली, फिल्टरवरचा स्क्रू सोडून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली. त्यानंतर लोडला इंजिन 2490 वर टिकतं, पूर्ण टाकी संपेपर्यंत.

हे सगळं मी जॉब कार्डवर अवरमीटरच्या आकड्यासकट लिहून घेतलं, केबल आणि पाइप दोन्ही. सर्व्हिस सेंटरच्या मुख्य माणसाने नंतर येऊन ब्रॅकेट बघितलं आणि पाइप वॉरंटीत दिली. त्याआधी पंप उघडून ‘डिझेल वाढवून’ द्यायची तयारी त्यांच्याच एका मुलाने दाखवली होती. असं कुणालाही करू देऊ नका. सील तुटलं की वॉरंटीवर पाणी, आणि डिझेल वाढवून दबलेली पाइप काही मोकळी होत नाही.

कुणासाठी घ्यावा? आमच्या ट्रॅक्टरला इंजिनवर 24 एचपी असले तरी माहितीपत्रकात पीटीओवर 20 च लिहिलेत, ब्लोअर निवडताना तोच आकडा धरा. ओळी आठ फुटांच्या असतील तर 400 लिटरचा ब्लोअर पुरेसा आहे, वळायलाही सोपं जातं. नऊ-दहा फुटांना 600 चालतो, पण चढाच्या बागेत पुढे वजनं लावावीच लागतात. डिलिव्हरीच्या दिवशी शोरूममध्येच बिनलोड आरपीएम मोजून मागा. रेडिएटरची जाळी मात्र रोज साफ करावी लागते, द्राक्षाची पानं तिला चिकटून बसतात आणि ती काढायला बॉनेट पूर्ण उचलावं लागतं. ही रचना मला अजिबात आवडलेली नाही.