कासवाची म्हणून घेतलेली फणी

पुतणीच्या लग्नात तिच्या अंबाड्यात खोवायला जुन्या घडणीची फणी शोधत होते. पणजीत एका जुन्या वस्तूंच्या दुकानात ती दिसली. उंच, कमानदार, मधाच्या रंगाची, अंगावर तपकिरी डाग आणि वर फुलांची जाळी. दुकानदार म्हणाला, "बाय, पोर्तुगीज घराण्यातली आहे. अस्सल कासवाच्या पाठीची, दीडशे वर्षांची." नऊ हजार सांगून साडेसातला दिली.

घरी धूळ काढायला कोमट पाण्यात धुतली, फडक्याने चोळली आणि आरतीच्या वेळी येतो तसा वास आला. कापराचा! पुन्हा चोळली, पुन्हा तोच वास.

कासवाच्या कवचाला कापराचा वास कधीच येत नाही. ते आपल्या केसानखांसारखं केराटिनचं असतं, शिंगही तसंच. कापूर असतो सेल्युलॉइड नावाच्या जुन्या प्लास्टिकमध्ये. अमेरिकेत जॉन वेस्ली हायट यांनी १८७० साली त्याचं पेटंट घेतलं. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांपासून ते बनतं. कासवाचं कवच आणि हस्तिदंत यांची नक्कल करून त्याच्या असंख्य फण्या निघाल्या. त्या फण्याही सुंदर असतात, शंभर वर्षं जुन्या असू शकतात. सेल्युलॉइडची म्हणून दिली असती तर माझी तक्रार नव्हती.

मग खिडकीपाशी भिंगातून पाहिली. खऱ्या कवचातले डाग बारीक बारीक ठिपक्यांचे बनलेले दिसतात. माझ्या फणीत रंग ढवळल्यासारखा ओघळत गेला होता. दात्यांच्या कडेला साच्याची बारीक रेघही नखाला लागली.

तापलेली सुई टोचून बघा, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. कृपा करून तसं करू नका. सेल्युलॉइड भडकन पेट घेतं. हाताने चोळा आणि वास घ्या, तेवढं पुरतं. अशी फणी चांदीच्या दागिन्यांबरोबर बंद डब्यातही ठेवू नका. जुनं झालं की त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि धातू खराब होतो.

खरी निघाली असती तर मी जास्तच अडचणीत आले असते, हे मला नंतर कळलं. ते कवच हॉक्सबिल नावाच्या समुद्री कासवाचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत आहे, त्याची खरेदी-विक्री गुन्हा आहे. म्हणजे "अस्सल कासवाची" म्हणणारा एकतर खोटं बोलतो, नाहीतर आपल्याला गुन्ह्यात ओढतो. मोरजीला कासवांची अंडी राखायला रात्र रात्र जागणारी माणसं आपल्याच गोव्यात आहेत, आणि मी पैसे मोजून ते कवच मागत होते. याचं मला फार वाईट वाटलं.

परत करायला गेले तर दुकानदाराने बिल दाखवलं. त्यावर फक्त "जुनी फणी, १ नग" एवढंच. कासव नाही, वर्ष नाही. तोंडी बोललेलं सिद्ध कसं करणार? वस्तू कशाची आहे ते बिलावर लिहून घ्या. लिहायला नकार दिला तर तिथूनच मागे फिरा.

मी निघाले तेव्हा कपाटात दुसरी फणी मांडलेली होती. तीच जाळी, डावीकडच्या फुलाची तीच अर्धवट पाकळी. आणि एक बाई विचारत होती, "ही कासवाची का?"