ऑनलाइन की ऑफलाइन: स्लो लिंकवर जुनं लष्करी एन्क्रिप्शन उभं करायचं तर कुठलं घ्यावं

जुन्या लष्करी सायफर मशिन्सचा नाद लागला आणि ५० किंवा ७५ बॉडच्या (सेकंदाला तेवढेच बिट्स) लिंकवर स्वतः काहीतरी चालवून बघायचं ठरलं की दोन रस्ते दिसतात. एक ऑनलाइन, म्हणजे टेलिप्रिंटरमधून कॅरॅक्टर निघालं की तिथल्या तिथे त्यात की, म्हणजे दोन्हीकडे सारखीच तयार होणारी गुप्त अक्षरांची माळ, मिसळायची आणि थेट लाइनवर सोडायचं, दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन लॉरेन्झ एसझेड-४२ किंवा नंतरच्या अमेरिकन केडब्ल्यू-२६ च्या वळणाचं. दुसरा ऑफलाइन, म्हणजे आधी मेसेज मशीनवर सायफर करून कागदावर पाच-पाच अक्षरांचे ग्रुप पाडायचे आणि मग ते कशानेही पाठवायचे, मोर्सने पाठवा, आरटीटीवायने (रेडिओवरून टेलिप्रिंटर) पाठवा. हॅगेलिनचं एम-२०९, महायुद्धात अमेरिकन सैन्याने वापरलेलं छोटं मशीन, हे त्यातलं नावाजलेलं.

मी दोन्ही केलंय, खरी मशिन्स हाताशी नाहीत म्हणून सॉफ्टवेअरमध्ये, दोन कॉम्प्युटर साउंडकार्डने जोडून, मधे शॉर्टवेव्हवर रेकॉर्ड केलेला आवाज आणि फेडिंग (सिग्नलचं मधेच क्षीण होणं) मिसळून. हवेवर नाही, कारण हॅम (हौशी रेडिओ) बँडवर अर्थ लपवण्यासाठी सायफर वापरायला आंतरराष्ट्रीय नियमातच मनाई आहे, तेव्हा हे सगळं वायरवरच करा.

वाचायला ऑनलाइन फार देखणं वाटतं. १९१७ मध्ये अमेरिकन इंजिनिअर व्हर्नामने सुचवलेली कल्पना, टेलिप्रिंटरच्या बॉडो कोडमध्ये दर अक्षराचे पाच बिट्स असतात, त्यावर कीचे पाच बिट्स एक्सॉर करायचे (सारखे बिट तर ०, वेगळे तर १), पलीकडे तीच की परत एक्सॉर केली की मूळ अक्षर हजर. कोड लिहायला एक संध्याकाळ पुरते. लॉरेन्झची बारा चाकं, त्यावरच्या ५०१ पिना, त्यातली पाच दर अक्षराला फिरणारी आणि पाच अडखळत फिरणारी, हे सॉफ्टवेअरमध्ये चालताना बघणं मला तरी अजून आवडतं. टाइप करणाऱ्याला मधे सायफर आहे हे कळतही नाही. आणि एक फायदा ऑफलाइनमध्ये कधीच मिळत नाही, तो म्हणजे लाइन सतत चालू ठेवता येते, मेसेज असो वा नसो सारखाच खळखळाट, त्यामुळे ऐकणाऱ्याला आत्ता खरोखर काही जातंय की नुसतं भरताड चाललंय ते समजत नाही. रिसीव्हरवर ७५ बॉड आणि ८५० हर्ट्झ शिफ्टचे (दोन टोनमधलं अंतर) नाटोचे सिग्नल तासन्‌तास न थांबता दिसतात ते त्यामुळेच.

एम-२०९ त्यामानाने कंटाळवाणं काम. सहा चाकं, पिना आणि लग्ज (ड्रमवरचे सरकते खुंटे) सेट करा, मग एकेक अक्षर फिरवा, हँडल ओढा, टेपवर छापलेलं बघा. सॉफ्टवेअरमध्ये हँडल नसतं पण तरी आधी पूर्ण मेसेज तयार करायचा, मग पाठवायचा, तिकडच्याने आधी पूर्ण उतरवायचा, मग उलगडायचा. गप्पा मारता येत नाहीत. आकडे नाहीत, विरामचिन्हं नाहीत, स्पेससाठी झेड खर्च होतो आणि उलगडताना झेडच्या जागी मोकळी जागा येते, म्हणजे मजकुरातला खरा झेड तुम्ही अंदाजाने भरायचा. सवय होते, पण पहिल्यांदा कटकट वाटतेच.

इथपर्यंत कुणीही ऑनलाइनच निवडेल, माझाही कल तिकडेच होता. पण आरटीटीवायसारखं स्टार्ट-स्टॉप (दर अक्षराच्या आधी स्टार्ट बिट, शेवटी स्टॉप बिट) पाठवताना फेडिंग आलं की रिसीव्हरचा एखादा स्टार्ट बिट हुकतो, नाहीतर नॉइजलाच स्टार्ट बिट समजून तो एक जास्तीचं अक्षर तयार करतो. साध्या मजकुरात याचं काही वाटत नाही, एक अक्षर गेलं तर गेलं, पुढचा शब्द वाचता येतो. एन्क्रिप्टेड असेल तर मात्र पलीकडची की एका अक्षराने मागे-पुढे होते आणि तिथून शेवटपर्यंत सगळा कचरा. अक्षर चुकीचं येणं परवडतं, अक्षर गायब होणं परवडत नाही. आणि हे नेमकं कुठे झालं ते स्क्रीनवर दिसत नाही, कारण सायफर केलेल्या पाच बिट्समध्ये लेटर शिफ्ट, फिगर शिफ्ट, कॅरेज रिटर्न, लाइन फीड असे न छापणारे कोडही सगळेच येतात, तो माल नीट छापून डोळ्यांनी तपासण्यासारखा नसतो.

मग काय करता, पुन्हा पाठव म्हणता. आणि मला ऑनलाइनपासून जे दूर नेलं ते हे "पुन्हा पाठव". दुसऱ्यांदा पाठवायचं तर दोन्हीकडची की नवीन जागेवरून सुरू करायला हवी, ती नवीन जागा कुठली हे एकमेकांना कळवायला हवं, आणि कळवायची लाइन तीच, जिने आत्ताच दगा दिलाय. आळसाने जुन्याच सेटिंगवरून परत पाठवलं तर काय होतं त्याचं उदाहरण इतिहासात आहेच. ३० ऑगस्ट १९४१ ला अथेन्सहून व्हिएन्नाला लॉरेन्झवर सुमारे ४,००० अक्षरांचा मेसेज गेला, तिकडे नीट मिळाला नाही म्हणून परत मागितला, ऑपरेटरने तीच सेटिंग ठेवून तोच मेसेज पुन्हा टाइप केला, पण सुरुवातीच्या SPRUCHNUMMER (मेसेज क्रमांक) ऐवजी SPRUCHNR असं तोडून. एकाच कीचे दोन सायफर एकमेकांवर एक्सॉर केले की की गळून पडते; बास, तेवढ्या फरकावर ब्रिटिश कोडब्रेकर जॉन टिल्टमनने दोन्ही मजकूर वेगळे केले, त्यातून निघालेल्या कीवरून त्याचा सहकारी बिल टटने मशीन न बघता त्याची रचना शोधली. म्हणजे सायफरच्या गणितापेक्षाही, खराब लाइनवर माणूस परत पाठवताना काय करतो तिथे ही पद्धत मार खाते. माझ्या टेबलावर कुणी शत्रू बसलेला नाही हे खरं, पण प्रत्येक वेळी दोन्हीकडे रीसेट करताना तोच मोह होतो, आणि जे शिकायला बसलो ते चुकीचं शिकतोय असं वाटत राहतं.

ऑफलाइनमध्ये ही अडचण जवळजवळ उरत नाही. सायफर केलेला मजकूर कागदावर पडलेला असतो, त्यामुळे तोच परत पाठवला तर काहीच बिघडत नाही, ऐकणाऱ्याला नवीन काही मिळत नाही. सगळा पाठवायचीही गरज नाही, "सातवा ग्रुप परत द्या" म्हटलं की काम होतं. आणि पाच अक्षरांचे ग्रुप असल्याने हरवलेलं अक्षर लगेच दिसतं, एक ग्रुप चारचा आला की तिथे काहीतरी गळलंय, उलगडताना त्या ग्रुपमध्ये एक कुठलंही अक्षर घालायचं, तेवढा ग्रुप कदाचित बिघडतो, पुढचा मजकूर पुन्हा सरळ. इतकी साधी गोष्ट, पण ती हाताने करून बघितल्यावर मला पाचाच्या ग्रुपबद्दल वेगळाच आदर वाटायला लागला. पासष्ट अक्षरांतून तीन गेली तरी मेसेज समजतो.

आता ऑनलाइनवर अन्याय नको. खऱ्या लष्करी यंत्रणांनी स्टार्ट-स्टॉप सोडून सिंक्रोनस पद्धत घेतली ती याचसाठी, दोन्हीकडे अचूक घड्याळं, सिग्नल बुडाला तरी की आपल्या वेळेने पुढे जात राहते, सिग्नल परत आला की सगळं जागेवर. अमेरिकन नौदलाच्या केडब्ल्यू-३७ मध्ये तर उशिरा जॉइन होणाऱ्या जहाजाला की वेगाने पळवून चालू वेळेपर्यंत आणता यायची. हे घरीही जमतं, दोन्हीकडे साधे २० पीपीएमचे (दहा लाखांत २० इतकी चूक) क्रिस्टल असले तर ५० बॉडवर दहा सेकंदांच्या फेडमध्ये बिटचा दोन टक्क्यांहून जास्त फरक पडत नाही. पण मग बिट ट्रॅकिंग लिहा, सुरुवात कुठून ते ठरवा, मधूनच जॉइन कसं व्हायचं ते बघा. मी तेही केलं, चाललं पण नीट, फक्त हिशेब केला तर वेळ जवळपास सगळा मोडेमवर गेला आणि सायफरवर थोडाच. ज्यांना मोडेमच शिकायचंय त्यांच्यासाठी हा तोटा नाही, उलट त्यांनी ऑनलाइनच घ्यावं, आजच्या एचएफवरचे (शॉर्टवेव्ह) सिग्नल समजायलाही त्याचाच उपयोग होईल.

सुरक्षेवरून मात्र निवडू नका. एम-२०९ ची चाकं १० कोटींहून जास्त अक्षरांनी मूळ जागी येतात हे ऐकायला भारी वाटतं, पण एकाच सेटिंगवर वेगवेगळे दोन मेसेज गेले की तेही उघडं पडतं, युद्धात जर्मन तसे वाचत होते. त्या बाबतीत दोघंही सारखेच, आणि आजच्या खऱ्या कामाला दोन्ही नाहीत.

माझं म्हणाल तर, लिंक खराब असेल, दोन माणसं वेगवेगळ्या वेळी बसणार असतील, आणि सायफर स्वतः समजून घ्यायचा असेल तर ऑफलाइनने सुरुवात करा असं सुचवेन. तुमचं वेगळं असू शकतं, वायर स्वच्छ असेल तर ऑनलाइनची मजा वेगळीच आहे. पण गेले कित्येक महिने माझ्याकडे चालू आहे ते एम-२०९ चंच, लॉरेन्झ अधूनमधून चाकं बघायला उघडतो.

एम-२०९ घेणार असाल तर पहिला मेसेज पाठवण्याआधी सगळी चाकं ए वर आणून ए हे अक्षर सलग २६ वेळा सायफर करा आणि दोन्हीकडचा निकाल जुळवा, तेव्हाच्या की लिस्टमध्ये ही २६ अक्षरं तपासणीसाठी दिलेलीच असायची. एखादी पिन इकडची तिकडे असेल तर बहुतेक वेळा इथेच कळतं, आणि लाइनला दोष देत बसावं लागत नाही.